भारी पानांची बोली

समजा, तुमच्या हातात ही तेरा पानं आली. इस्पिकची सहा: एक्का, राजा, राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी. बदामची तीन: एक्का, राजा, गुलाम. चौकटची दोन: एक्का आणि राणी. किलवरची दोन, सत्ती आणि तिर्री. ब्रिजमध्ये पानांचा जोर मोजायची रूढ रीत अशी, की एक्क्याला ४ गुण, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १. सगळ्या कॅटमध्ये मिळून ४० गुण, म्हणजे चौघांत सरासरी दहा-दहा. तुमच्या एकट्याकडे २३ आहेत. समोर बसलेल्या भिडूकडे अगदी फाटकी पानं असली तरी इस्पिक हुकूम करून तेरापैकी दहा हात सहसा होतील. आणि भिडूकडे थोडं काही असेल तर बारा, कदाचित तेराही.

आता हे भिडूला कळवायचं कसं?

ज्यांनी ब्रिज खेळलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मेंढीकोट खेळला असाल तर निम्मा ब्रिज तुम्हाला येतो: चार जण, समोरासमोरचे भिडू, हुकूम, तेरा हात. उरलेला निम्मा जजमेंटसारखा आहे. किती हात करणार हे आधी सांगायचं. फक्त इथे ते दोघांनी मिळून सांगायचं असतं, आणि हुकूम कोणता हेही त्यातच ठरतं. ‘एक इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम करून सहा अधिक एक, असे सात हात. ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकमी असे पाच प्रकार, एक ते सात पायऱ्या, म्हणजे एकूण ३५ बोल्या. शिवाय पास, डबल आणि रीडबल. संपूर्ण भाषेत ३८ शब्द, आणि एकदा वर गेलात की खाली येता येत नाही. बाकी भुवई उंचावणं, खाकरणं, उसासा टाकणं, सगळं निषिद्ध.

मराठीत लिलावातली बोली आणि माणसांची बोली यांना एकच शब्द आहे. ब्रिजपुरतं हे शब्दशः खरं आहे. मी हा खेळ लॉकडाउनमध्ये फोनवर, अनोळखी लोकांबरोबर शिकलो, तेव्हा मला पानं खेळण्यापेक्षा या ३८ शब्दांच्या भाषेचंच जास्त वेड लागलं. आणि तिच्यातला सगळ्यात चमत्कारिक भाग म्हणजे भारी पानांसाठीचे शब्द. नव्या माणसाला वाटतं, पानं भारी तर आवाज मोठा. शंभरेक वर्षांत ब्रिज खेळणारे नेमके उलट्या दिशेने गेले आहेत.

मुळात ही अडचण कुठून आली? ब्रिजच्या आधीच्या अवतारात, म्हणजे ऑक्शन ब्रिजमध्ये, ती फारशी नव्हतीच. तिथे बोली ही फक्त लिलाव जिंकण्यापुरती. ‘एक इस्पिक’ म्हणून लिलाव मिळाला आणि प्रत्यक्षात दहा हात केले, तर सहाच्या वरच्या चारही हातांचे गुण गेमच्या खात्यात पडायचे. त्या खेळाच्या शेवटच्या काळातल्या हिशोबात इस्पिकच्या हाताला ९ गुण आणि गेमला ३० लागायचे. चार नव्वे छत्तीस, झाला गेम. वरची २३ गुणांची पानं घेऊन ‘एक इस्पिक’ म्हणायचं आणि बाकीच्यांनी पास केलं की खुशाल बसायचं. भिडूला काही समजावून सांगायची गरजच नाही.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजने ही सोय काढून घेतली. जेवढं बोललात तेवढेच हात गेमच्या खात्यात. आजच्या हिशोबात इस्पिकच्या हाताला ३० आणि गेमला १०० लागतात, म्हणजे चार इस्पिक आधी बोलावंच लागतं. एक बोलून दहा हात केले तर गेमकडे जाणारे गुण फक्त ३०. बारा हात बोलून केले तर स्लॅमचं घसघशीत बक्षीस. न बोलता केले तर बक्षीस नाही. थोडक्यात, आता भारी पानं नुसती असून भागत नाही, ती आधी सांगता यावी लागतात.

या बदलाचं श्रेय हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांना दिलं जातं, पण त्याआधी एक पुणेरी पाटी लावणं माझं कर्तव्य आहे. १९१२च्या सुमारास पुण्यातल्या चार ब्रिटिशांनी ऑक्शन ब्रिजमध्ये असाच, बोलाल तेवढंच मोजण्याचा नियम घालून खेळ सुरू केला होता. त्याचं नाव एसएसीसी, त्या चौघांच्या नावांची आद्याक्षरं. त्यांच्यापैकी ह्यू क्लेटन यांनी १९१४मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त त्याची माहिती छापली. फ्रान्समध्येही ‘प्लाफों’ नावाचा याच धर्तीचा खेळ होता. पुण्याचा खेळ पुढे विरून गेला. व्हँडरबिल्ट यांचा टिकला, कारण त्यांनी गुणांचं गणित नीट बसवलं, आणि कारण ते व्हँडरबिल्ट होते.

रेल्वेच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गर्भश्रीमंत घराण्यातला हा माणूस. शिडाच्या बोटींच्या शर्यतीतला अमेरिकाज कप त्यांनी तीनदा जिंकला. १९२५च्या ऑक्टोबरअखेर लॉस एंजेलिसहून हवानाला निघालेल्या ‘फिनलंड’ बोटीवर, पनामा कालव्याच्या वाटेवर, त्यांनी तीन मित्रांबरोबर आपली गुणपद्धती पहिल्यांदा खेळून पाहिली. बोटीवरची एक तरुणी, चीनमध्ये आपण असला काही खेळ खेळलो होतो असं सांगून, सारख्या विचित्र सूचना करत होती. मंडळी वैतागली. पण गेम केलेल्या जोडीला जास्त दंड बसतो त्या अवस्थेला काय म्हणायचं, हे अडलं तेव्हा तिने ‘व्हल्नरेबल’ हा शब्द सुचवला आणि तो आजही जगभर चालतो. तिचं नाव मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

नवा खेळ तयार झाल्यावर व्हँडरबिल्ट यांच्याच लक्षात आलं, की याला नवी भाषा लागणार. १९२९च्या पुस्तकात त्यांनी ती मांडली. भारी पानं आली की ‘एक किलवर’ म्हणायचं. ३५पैकी सगळ्यात खालचा, सगळ्यात किरकोळ शब्द. त्याचा किलवरच्या पानांशी काही संबंध नाही. किलवरचं एकही पान नसलं तरी हेच म्हणायचं. भिडूकडे काही नसेल तर त्याने म्हणायचं ‘एक चौकट’, आणि त्याचाही चौकटशी संबंध नाही. दोघांनी मिळून फक्त दोन पायऱ्या खर्च केल्या. एकाने सांगितलं, ‘माझ्याकडे खूप आहे’. दुसऱ्याने सांगितलं, ‘माझ्याकडे नाही’. आता बाकीच्या ३३ पायऱ्या मोकळ्या, निवांत बोला.

कल्पना म्हणून हे इतकं सुंदर आहे की ती लगेच जगभर पसरायला हवी होती. पसरली नाही, कारण मध्ये एली कल्बर्टसन आले.

कल्बर्टसन यांचा जन्म १८९१ साली रुमानियात, वडील अमेरिकन, आई रशियन. आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या तुरुंगवासाच्या आणि क्रांतिकारकांच्या अशा काही गोष्टी सांगितल्यात, की त्यांतलं खरं किती आणि रंगवलेलं किती याचा अंदाज वाचणाऱ्याने आपापला करावा. पण एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती: हा खेळ क्लबातल्या श्रीमंतांना शिकवून पैसा मिळत नाही, दिवाणखान्यातल्या नवरा-बायकोंना शिकवून मिळतो. १९२९मध्ये त्यांनी ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिक काढलं, १९३०मध्ये ‘ब्लू बुक’. आणि दिवाणखान्यातल्या लोकांना ‘किलवर म्हणजे किलवर नव्हे’ हे पटवणं अवघड. म्हणून त्यांची भाषा सरळसोट होती. इस्पिकची साधारण पानं, तर ‘एक इस्पिक’. इस्पिकची भारी पानं, तर ‘दोन इस्पिक’. ‘दोन’ ऐकलं की भिडूने गेम होईपर्यंत पास करायचं नाही. काहीच नसेल तर ‘दोन नो-ट्रम्प’ म्हणून ते कळवायचं.

ही भाषा लोकांना का आवडली ते समजायला त्याच काळातली कॅन्सस सिटीची एक घटना पुरेशी आहे. सप्टेंबर १९२९. बेनेट नवरा-बायको शेजाऱ्यांबरोबर खेळत होते. नवऱ्याने इस्पिकने सुरुवात केली, बायकोने, मर्टलने, त्याला थेट चार इस्पिकपर्यंत नेलं, आणि हात कमी पडले. भांडण, थप्पड, पिस्तूल. जॉन बेनेट मेला. १९३१मध्ये ज्युरीने मर्टलला निर्दोष सोडलं. त्या डावाची म्हणून पुढे छापली गेलेली पानं रचलेली असावीत असं जाणकार मानतात, त्यामुळे चूक कोणाची हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण देशभरच्या दिवाणखान्यांत तो घातला गेला. भिडूच्या शब्दावर विसंबून वर जाताना पोटात जो गोळा येतो, तो तेव्हा घरोघरी ठाऊक झाला होता. कल्बर्टसन यांनी या प्रकरणातून प्रसिद्धी पुरेपूर काढली. ‘दोन म्हणजे भारी, पास करायचं नाही’ ही हमी अशा बाजारात विकली जाणारच.

विरोधी गोटाने, म्हणजे जुन्या ऑक्शनच्या पंडितांनी, आपली ‘ऑफिशियल सिस्टिम’ काढली. मग डिसेंबर १९३१मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलात सिडनी लेन्झविरुद्ध एली कल्बर्टसन असा १५० रबरांचा सामना रंगला. लेन्झ यांचा भिडू ऑस्वल्ड जेकोबी मध्येच सोडून गेला. पंच होते आल्फ्रेड ग्रुएंथर नावाचे लष्करी अधिकारी, जे पुढे नाटोच्या फौजांचे सरसेनापती झाले. जानेवारीत कल्बर्टसन ८,९८० गुणांनी जिंकले. दीडशे रबरांत एवढा फरक पानांच्या नशिबानेही पडू शकतो, पण जाहिरातीला गणित लागत नाही. पुढची कितीतरी वर्षं अमेरिकेची बोली कल्बर्टसनची होती. व्हँडरबिल्ट आपली किलवरची भाषा घेऊन स्वतःच ठेवलेल्या चषकाच्या स्पर्धेत उतरले आणि १९३२ आणि १९४० साली तो जिंकलेही. लोक पुस्तकं मात्र कल्बर्टसनची घेत राहिले.

आता ‘दोन इस्पिक’मध्ये वाईट काय? आमच्या क्लबात एक काका आहेत, ते आजही हेच बोलतात. ‘भारी पानं आली तर भारी बोलावं, चोरासारखं किलवर-किलवर काय करायचं?’ हे त्यांचं म्हणणं. त्यांच्याबरोबर खेळताना मीही त्यांचीच भाषा बोलतो. पण हिशोब करून पाहिला तर दोन ठिकाणी खड्डा पडतो.

पहिला खड्डा जागेचा. ‘दोन इस्पिक’ ही ३५पैकी नववी पायरी. खालच्या आठ पायऱ्या तुम्ही एका उडीत जाळल्या, आणि तेही नेमकं त्या पानांसाठी, ज्यांना जागेची सगळ्यात जास्त गरज असते. फाटक्या पानांना बोलायचंच काय असतं? बारा हात होतील की तेरा, भिडूकडे किलवरचा एक्का आहे की राजा, हे विचारायला पायऱ्या लागतात.

दुसरा खड्डा शब्दांच्या उधळपट्टीचा. २२ किंवा त्याहून जास्त गुण हातात यायची शक्यता अर्धा टक्काही नाही. साधारण २३५ डावांत एकदा. एका संध्याकाळी २५-३० डाव खेळणाऱ्याला अशी पानं महिनोन्महिने दिसत नाहीत. आणि त्यांच्यासाठी कल्बर्टसन यांनी दोन किलवर, दोन चौकट, दोन बदाम, दोन इस्पिक असे चार शब्द अडवून ठेवले. घरात वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यासाठी चार खोल्या बंद ठेवण्यासारखं हे झालं.

हे हेरून १९३०च्या दशकातच काही तरुण खेळाडूंनी चार खोल्यांची एक केली. अमेरिकेत यासाठी डेव्हिड बर्नस्टाइन यांचं नाव घेतलं जातं. १९३६मध्ये अमेरिकेत ‘लाइफ मास्टर’ ही पदवी सुरू झाली तेव्हा तिचा क्रमांक १ त्यांना मिळाला होता. रंग कोणताही असो, भारी पानं आली की ‘दोन किलवर’. पुन्हा किलवरचा संबंध नाही. रंग कोणता ते पुढच्या फेरीत सांगायचं. उरलेले तीन ‘दोन’ मोकळे झाले, आणि ते गेले बरोबर उलट्या कामाला: एका रंगाची सहा पानं आणि बाकी कंगाल असा हात आला, की ‘दोन बदाम’ म्हणून समोरच्यांची जागा खाऊन टाकायची. हॉवर्ड शेंकेन यांनी या कमजोर ‘दोन’ला धार आणली. तेव्हापासून ब्रिजमध्ये मोठ्या आवाजात बोलणारा बहुधा कंगाल असतो.

तिकडे लंडनमध्ये, वेस्ट हॅम्पस्टेडच्या ॲकोल रोडवरच्या एका छोट्या क्लबात, १९३०च्या दशकाच्या मध्यावर जॅक मार्क्स, स्किड सायमन, मॉरिस हॅरिसन-ग्रे असं टोळकं जमलं. त्यांच्यातला एक, इयन मॅक्लाउड, पुढे ब्रिटनचा अर्थमंत्री झाला. रस्त्याच्या नावावरून त्यांच्या बोलीला ‘ॲकोल’ म्हणू लागले. तिच्यातही सगळ्यात भारी पानांना ‘दोन किलवर’. बेन कोहेन आणि टेरेन्स रीस यांनी १९३८मध्ये लिहिलेल्या पहिल्या पुस्तकाचं नावच ‘ॲकोल टू क्लब’ असं होतं.

सुरुवातीची आपली २३ गुणांची पानं या भाषेत अशी बोलतील: ‘दोन किलवर.’ भिडू कंगाल, तो म्हणतो ‘दोन चौकट’. तुम्ही ‘दोन इस्पिक’. इथे तुम्ही कल्बर्टसनच्याच पायरीवर आलात. पण भिडू कंगाल आहे ही बातमी आधीच खिशात पडली, आणि गेम होईपर्यंत कोणी पास करणार नाही हेही ठरलेलं. मधल्या काळात चार्ल्स गोरेन अमेरिकेचे नवे गुरू झाले. ४-३-२-१ची गुणपद्धत त्यांनीच १९४९च्या सुमारास घरोघरी नेली. त्यांची पुस्तकं मात्र भारी ‘दोन’लाच धरून राहिली. काकांची भाषा गोरेनच्या पुस्तकांतली आहे. अमेरिकेत कितीतरी वर्षं क्लबातली भाषा एक आणि घरातली दुसरी, अशी स्थिती होती. प्रमाण मराठी आणि घरातली मराठी यांच्यासारखीच. फक्त इथे घरची भाषा पुस्तकातून आलेली होती.

व्हँडरबिल्ट यांची ‘एक किलवर’ची कल्पना खऱ्या अर्थाने जागी झाली ती नेपल्समध्ये. एउजेनियो कियाराडिया हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी घडवलेल्या नेपोलिटन क्लब पद्धतीत १७ किंवा जास्त गुण आले की ‘एक किलवर’. भिडूने मात्र रंग सांगायचाच नाही. त्याने सांगायचं, माझ्याकडे एक्के-राजे किती. एक्क्याचे दोन, राजाचा एक, अशी मोजदाद. ‘एक इस्पिक’ म्हणजे तीन, ‘एक नो-ट्रम्प’ म्हणजे चार, ‘दोन किलवर’ म्हणजे पाच. हे ऐकताना मला आपल्याकडच्या बाजारातले रुमालाखालचे सौदे आठवतात. बोटं धरायची आणि आकडा समजायचा. पिएत्रो फोर्के आणि बेनितो गारोझ्झो यांनी ही भाषा पुढे घासूनपुसून ‘ब्लू क्लब’ केली. रोममध्ये जॉर्जो बेलाडोना आणि वॉल्टर आव्हारेल्ली यांचा वेगळा ‘रोमन क्लब’ होता. इटलीच्या या ‘ब्लू टीम’ने १९५७ ते १९७५ या काळात बर्म्युडा बोल, म्हणजे जागतिक अजिंक्यपद, तेरा वेळा जिंकलं. अमेरिकन हरत राहिले, आणि हरणारा नेहमी विचारतो तेच विचारू लागले: हे खेळाडू चांगले, की यांची भाषा?

या प्रश्नाला एक काळी किनार होती. १९६५मध्ये ब्वेनोस आइरिसच्या स्पर्धेत ब्रिटनच्या जोडीवर आरोप झाला, की पानं धरलेल्या बोटांच्या संख्येने ते एकमेकांना बदामची पानं किती ते सांगतात. ती जोडी होती बोरिस शापिरो आणि टेरेन्स रीस, ॲकोलच्या पहिल्या पुस्तकाचे एक लेखक. जागतिक संघटनेने त्यांना दोषी धरलं. लंडनमध्ये सर जॉन फॉस्टर यांच्यापुढे स्वतंत्र चौकशी झाली, तिने १९६६मध्ये दोषमुक्त केलं. खरं काय ते या दोन निकालांच्या मध्ये कुठेतरी पडून आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बोटांनी ‘तीन बदाम आहेत’ असं सांगणं आणि ‘एक इस्पिक’ म्हणून ‘तीन कंट्रोल आहेत’ असं सांगणं, दोन्ही सांकेतिकच. फरक इतकाच, की दुसऱ्याचा अर्थ समोरच्यांनी विचारला तर सांगावा लागतो. ब्रिजमध्ये गुप्त अर्थ चालत नाही. अर्थ कितीही तऱ्हेवाईक असो, तो चारचौघांत उघडा हवा. ही रेघ इतकी बारीक आहे की ती आखण्यात संघटनांची हयात गेली.

इटालियनांना शह दिला तो शांघायमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये जहाजांचा व्यवसाय करणाऱ्या सी. सी. वेई यांनी. स्वतः ते पहिल्या फळीतले खेळाडू नव्हते. १९६०च्या दशकात त्यांनी ‘प्रिसिजन’ नावाची भाषा रचली: १६ किंवा जास्त गुण, तर ‘एक किलवर’, भिडूकडे सातपर्यंतच गुण असतील तर ‘एक चौकट’. सोपी, आखीव, पटकन शिकता येणारी. १९६९मध्ये रिओ द जानेरोच्या बर्म्युडा बोलमध्ये तैवानचा संघ ही भाषा घेऊन उतरला. त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षा नव्हती. उत्तर अमेरिकेला मागे टाकून ते अंतिम फेरीत गेले आणि इटलीकडून हरले. पुढच्या वर्षी पुन्हा अंतिम फेरी.

प्रिसिजनची खरी करामत भारी पानांत नाहीच. १६ गुण म्हणजे साधारण दहा डावांत एकदा. उरलेल्या डावांत काय होतं ते पाहा. भिडूने ‘एक इस्पिक’ने सुरुवात केली, म्हणजे त्याने ‘एक किलवर’ म्हटलेलं नाही. म्हणजे त्याच्याकडे जास्तीत जास्त १५ आहेत. जे बोललं गेलं नाही त्याने जे बोललं गेलं त्याला कुंपण घातलं. कल्बर्टसन किंवा ॲकोलच्या भाषेत ‘एक इस्पिक’ बाराचंही असू शकतं आणि वीसचंही, आणि समोरचा भिडू अंदाज बांधत बसतो. भारी पानांना वेगळा शब्द दिल्याचा सगळ्यात मोठा फायदा साध्या पानांना मिळाला. हे मला समजलं त्या दिवसापासून मी प्रिसिजनवाला आहे, आणि माझं पुढचं बोलणं त्या बेताने घ्यावं.

तोटाही आहे. ‘एक किलवर’ हा इतका खालचा शब्द, की समोरच्यांना बेधडक मध्ये घुसता येतं. त्यांना आता माहीत असतं, की डाव यांचा आहे, आपल्याकडे गमावण्यासारखं काही नाही. मग ते फाटक्या पानांवर दोन, तीन म्हणत सुटतात आणि तुमच्या निवांत गप्पा मातीत जातात. लू मॅथी यांनी तर यासाठी पद्धतच बांधून दिली: डबल म्हणजे बदाम-इस्पिक, ‘एक नो-ट्रम्प’ म्हणजे किलवर-चौकट.

तरी वेईंची भाषा पसरली. त्यांनी खेळाडू जमवले, संघ उभे केले, पैसा ओतला. ज्या इटालियनांनी त्यांच्या तैवानी संघाला हरवलं होतं, तेच ‘प्रिसिजन’ शिकून १९७२चं ऑलिंपियाड जिंकले. आणि ज्यांच्या पुस्तकांतून अख्खी अमेरिका भारी ‘दोन’ शिकली होती, त्या गोरेन यांच्या नावाने १९७१मध्ये प्रिसिजन शिकवणारं पुस्तक आलं. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘पैशासाठी माणूस काहीही करतो.’ व्हँडरबिल्ट यांनी आपली जुनी किलवरची भाषा १९६४मध्ये पुन्हा पुस्तकरूपाने मांडली आणि १९७०च्या जुलैमध्ये ते गेले. आपली कल्पना इटालियनांच्या तोंडी जग जिंकताना त्यांना पाहायला मिळाली.

यापुढे खाली जायला जागा उरली होती का? ‘एक किलवर’ ही तर पहिलीच पायरी. पण तिच्याही खाली एक शब्द असतो: पास. पोलंडमध्ये वुकाश स्वाविन्स्की आणि त्यांच्या मागोमाग ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या जोड्यांनी शेवटची पायरीही उतरून दाखवली. पानं चांगली, साधारण १३ गुणांच्या वर, तर पास! पहिल्याच संधीला पास म्हणजे भिडूला इशारा, माझ्याकडे माल आहे. मग कंगाल माणसाने काय करायचं? तो पास करू शकत नाही, कारण पासला आता अर्थ आहे. म्हणून त्याने तोंड उघडून एखादी ठरलेली बोली लावायची, उदाहरणार्थ ‘एक बदाम’, जिचा अर्थ ‘माझ्याकडे काहीही नाही’.

तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही. सगळ्यात स्वस्त शब्द सगळ्यात गरजू पानांना, एवढंच तर व्हँडरबिल्ट म्हणत होते. पण समोर बसणाऱ्यांची त्रेधा उडाली. १९८०च्या दशकात जागतिक संघटनेने पद्धतींची वर्गवारी केली आणि असल्या ‘अतिअसाधारण’ भाषा फक्त वरच्या पातळीवरच्या लांब सामन्यांत, आधी लेखी कळवून, वापरता येतील असं ठरवलं. साध्या क्लबात त्या जवळजवळ संपल्या. अनेक सिद्धान्तवाले याला आजही मुस्कटदाबी म्हणतात. मला त्यांचं दुःख समजतं, पण बाजू मी संघटनेची घेईन. पाच मिनिटांत टेबल बदलून नव्या जोडीपुढे बसणाऱ्या माणसाला, समोरच्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावायला निदान एक रात्र तरी मिळायला हवी.

आज फोनवर नव्याने ब्रिज शिकणाऱ्याला बहुतेक ठिकाणी बर्नस्टाइन-ॲकोलची ‘दोन किलवर’ शिकवली जाते. अनोळखी भिडू भेटला की चॅटमध्ये पहिला प्रश्न ‘कुठली सिस्टिम?’ हाच असतो. मी ‘प्रिसिजन’ असं टाइप करतो, आणि निम्मे लोक उठून दुसऱ्या टेबलवर जातात. कोणी थांबला, आणि १६ गुण आलेच, तर मी ‘एक किलवर’ दाबण्याआधी एका चौकटीत अर्थ लिहितो: ‘१६+, कुठलाही रंग’. तो मजकूर दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या पडद्यावर उमटतो. भिडूच्या पडद्यावर नुसतंच ‘एक किलवर’.